सभेतलं लाटणं

इरा, मिहिर,

गेल्या महिन्यात इराने मला एक फोटो पाठवला. मेलबर्नला तिच्या विद्यापीठात आमच्या भागातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाचे तरुण वारसदार व्याख्यान द्यायला आले होते. विषय होता, ‘ग्रामीण भारतातील आर्थिक लोकशाही आणि कौटुंबिक उद्योगांचा पुनर्विचार’. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले आणि त्यातल्या एका फोटोत इराला आपली आजी दिसली. शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या आहेत, एक बाई लाटणं उंच धरून उभी आहे, आणि तिच्या शेजारी पदराला पिन लावलेली मी. फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘महिलांसाठी पाककला प्रशिक्षण’. इराने विचारलं, “आजी, तू पोळ्या लाटायला शिकवायचीस? तू तर कारखान्याच्या ऑफिसात होतीस ना?”

माझी पोळी आजवर एकदाही गोल झालेली नाही. तुमचे आजोबा असते तर त्यांनी हे शपथेवर सांगितलं असतं. त्या लाटण्याचा पोळीशी काहीही संबंध नव्हता आणि व्याख्यात्यांना ते चांगलं ठाऊक आहे, कारण त्याच लाटण्यासमोर त्यांना एकदा भर मंडपात शब्द सुचले नव्हते. दिवाळी अंकाचे संपादक ‘नोकरीतल्या आठवणी लिहा’ म्हणून कधीचे मागे लागले आहेत. त्यांचं काम आणि इराचं उत्तर एकाच लेखात होत असेल तर मला दोनदा लिहायला नको, म्हणून आत्ताच लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला थांबवा.

आधी समूह म्हणजे काय ते सांगते. कडेगावच्या बाजूच्या एखाद्या गावात सकाळी उठलात की चहाला दूध समूहाच्या दूध संघाचं. मुलगा समूहाच्या शाळेत, सून समूहाच्या पतसंस्थेत कारकून, शेतातला ऊस समूहाच्या कारखान्याला. आजारी पडलात तर समूहाचं हॉस्पिटल. बरे झालात तर समूहाच्या वर्तमानपत्रात हॉस्पिटलचं अभिनंदन. आता गंमत अशी, की कारखाना आणि दूध संघ या कागदावर सहकारी संस्था. त्यांचे मालक हजारो शेतकरी सभासद. एका सभासदाला एक मत, मग त्याची जमीन दहा एकर असो की दहा गुंठे. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा आवाज मोठा; सहकारात तसं नाही. ही कल्पना फार चांगली आहे आणि मी ती जन्मभर मनापासून शिकवली. फक्त अध्यक्षाची खुर्ची आजोबांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जायची. दर वेळी निवडणूक व्हायची आणि दर वेळी ती बिनविरोध व्हायची. सांगलीच्या सभागृहांत मग घराणेशाही आणि लोकशाही या विषयावर परिसंवाद होत.

असा एक परिसंवाद मला आठवतो. पाहुण्यांना गुच्छ द्यायला मला नेलं होतं. मंचावर चार वक्ते. एक आमच्या समूहाचे, एक त्यांच्यावर रोज टीका करणारे विरोधी नेते, ज्यांचा दूध संघ त्यांच्या पत्नीच्या आणि सूतगिरणी मेहुण्याच्या ताब्यात होती. उरलेले दोघे या दोघांचे व्याही. चौघांनीही घराणेशाही संपली पाहिजे असं कळवळून सांगितलं. जेवणात पुरणपोळी होती आणि चारही घराणी एकाच टेबलावर बसली होती.

समूहाच्या कुटुंबातल्या माणसांची नावं मी लिहीत नाही. थोरले, मधले आणि धाकटे एवढ्यावर भागेल. थोरले म्हणजे ज्यांनी कारखाना उभा केला ते आजोबा, मधले त्यांचे चिरंजीव, आणि धाकटे म्हणजे मेलबर्नला येऊन गेलेले नातू.

मी वाईची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, लग्न करून साताऱ्याला आलेली. मुलाखतीत थोरल्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. “इंग्रजी पत्रं आली की मला मराठीत सांगायची. आन पत्रात जे न्हाई, ते सांगायचं न्हाई.” मी हो म्हटलं. थोरले जेमतेम शाळा शिकलेले, रागीट, हेकट. पण कुठल्याही गावात जीपमधून उतरले की दिसेल त्या सभासदाला नावाने हाक मारायचे. त्यांच्याबद्दल मला आदर होता. तो मी पुढच्या पिढ्यांच्या नावावर केला नाही.

पुढे सभासदांना प्रशिक्षण देणं संस्थेला भाग पडलं. वार्षिक अहवालात प्रशिक्षणाचे फोटो लागायचे. ऑफिसात इंग्रजी परिपत्रक वाचून समजणारी मी एकटी, म्हणून मलाच सभासद प्रशिक्षण अधिकारी केलं. एक जीप, एक गुंडाळता येणारा तक्ता आणि चहाबिस्किटांची सोय. मी गावोगाव जाऊन सहकार म्हणजे काय ते सांगायचं. पुरुष यायचे, फोटो निघेपर्यंत बसायचे आणि पान खायला जायचे. बायका मात्र शेवटपर्यंत बसायच्या. त्यांना घराबाहेर बसायला एक सरकारी कारण मिळालेलं असायचं.

पण सगळ्या एकदम बोलायच्या. आंबेवस्तीच्या पहिल्याच वर्गात मी घसा फोडून थकले तेव्हा हौसाबाई उठल्या, घरी गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. हौसाबाईंचे यजमान फौजेतून निवृत्त होऊन आले आणि काही वर्षांनी वारले. त्यांचा शेअर हौसाबाईंच्या नावावर आला होता. थोडा ऊस, एक म्हैस आणि आवाज पाटणच्या घाटात गाडीने हॉर्न दिल्यासारखा.

“बाई, हे ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी गपगार बसायचं.”

“आन कुणी न्हाई बसलं गप तर?” एकीने विचारलं.

“तर लाटण्याचं दुसरं काम तुला ठावं हाय. आमचं मालक मिल्ट्रीतलं, पर हे दिसलं की सावधान उभं राहायचं.”

तेव्हापासून लाटणं हा आमचा माईक झाला. मी बायकांकडून खोटी सभा करवून घ्यायची. एक अध्यक्ष, एक विषय वाचणारी. विषय वाचायचा, कुणीतरी मांडायचा, दुसरीने त्याला अनुमोदन द्यायचं. मग अध्यक्षाने विचारायचं, ‘कुणाला काही विचारायचं आहे का?’ विचारणारीच्या हातात लाटणं. तिचं बोलून होईपर्यंत सगळ्या चूप. उत्तर मिळालं की हात वर, बाजूने किती, विरोधात किती. विषय त्यांचेच असायचे. पिठाच्या गिरणीची वेळ बदलावी का, देवळातले मोठे हंडे शेजारच्या वस्तीला द्यावेत का. पहिल्या वर्षी सगळं हसण्यावारी जायचं. मग हसणं कमी झालं आणि भांडणं नीट व्हायला लागली. मुद्द्याला मुद्दा, शेवटी हात. वर्षानुवर्षं गावोगाव हे चाललं. ऑफिसने फोटो घेतले, अहवालात छापले, आणि आत काय चालतं ते एकदाही विचारलं नाही.

खऱ्या सभेला बायका येत नसत. खरी वार्षिक सभा कशी असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठा मंडप. पुढच्या रांगांत शेतकरी कमी. समूहाच्या शाळांचे शिपाई, दूध संघाचे ड्रायव्हर, पतसंस्थेचे वसुलीवाले जास्त. माईक फक्त मंचावर. एक माणूस श्वास न घेता विषय वाचतो आणि शेवटच्या शब्दाआधीच पुढच्या रांगा ओरडतात, “मंजूर! मंजूर!” मागून कुणी काही विचारलं तर घोषणा सुरू होतात. माझी भाजी फोडणीला टाकून शिजायला त्याहून जास्त वेळ लागतो. मग जेवण. सभासद महिलांसाठी शेजारच्या मंडपात हळदीकुंकू आणि स्टीलचा डबा. त्यांच्या मतांची काळजी घरातले पुरुष घेत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी धाकटे परदेशातून शिकून आले. त्यांच्याबरोबर पुण्याहून सल्लागार आले, पडदा आला, आणि ‘व्यावसायिक व्यवस्थापन’, ‘स्टेकहोल्डर’, ‘रिफॉर्म’ हे शब्द आले. मी त्यांची इंग्रजी पानं मराठीत करत होते, त्यामुळे मला सगळ्यात आधी कळलं. सगळ्या पानांचा अर्थ एका वाक्यात मावत होता: सभासदांचा कारखाना समूहाच्या खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायचा. म्हणजे सुधारणा कशाची, तर कुटुंबाच्या हातात असलेली गोष्ट कुटुंबाच्या हातात जाणार होती. मधे जी मतपेटीची अडचण होती तेवढी दूर होणार होती. मी पानं मराठीत केली. पत्रात जे नव्हतं ते लिहिलं नाही. विषयपत्रिका रीतसर प्रत्येक सभासदाच्या घरी गेली.

त्या वर्षी पुरुष सभासद कुरकुरत होते. ऊसदरावरून चिडलेले होते. तेव्हा आमचे कार्यालयप्रमुख जगदाळे मला म्हणाले, “मॅडम, यंदा तुमच्या बायका सभेला आणा. धाकट्या साहेबांची कल्पना आहे. सगळ्या गावांतून बस सोडतोय. तुमच्या शिस्तीतल्या आहेत, गडबड करायच्या नाहीत. मंडप भरला पाहिजे. आधी हळदीकुंकू, मग विषय वाचला की मंजूर म्हणायचं, मग डबा.”

“त्यांना सभा कशी करायची ते शिकवलंय,” मी म्हणाले.

“तेच तर!” जगदाळे खुशीत म्हणाले.

सभेआधी आंबेवस्तीला नेहमीचा वर्ग झाला. हौसाबाईंनी घरी आलेली विषयपत्रिका आणली होती. भाड्याचा विषय काय आहे ते त्यांनी मला विचारलं आणि मी जसं इतर विषय सांगायची तसं सांगितलं.

“म्हंजी गोठा आमचा, धारा त्यांच्या.”

“तसंच काहीसं.”

“आन पुढल्या साली काय इचारायचं झालं तर कुणाला इचारायचं?”

त्याचं उत्तर विषयपत्रिकेत नव्हतं. मी म्हटलं, “हे सभेत विचारता येतं.”

दाराशी त्यांचा पुतण्या शिवाजी उभा होता. तो म्हणाला, “काकी, ऊस उभा हाय, ध्यानात असू दे.”

हे वाक्य तुम्हाला समजायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच होतं. ऊस तयार झाला की तो वेळेत तोडावा लागतो. तोडणाऱ्यांच्या टोळ्या कारखान्याच्या. कुणाच्या शेतात टोळी आधी जाणार आणि कुणाच्या शेवटी, ते कारखाना ठरवतो. ज्याच्यावर मर्जी नाही त्याचा ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहतो, त्याला तुरे येतात, आतून पोकळ होतो, वजन जातं. कुणी धमकी देत नाही, कुणी मारत नाही. टोळी येत नाही, एवढंच. आमच्या भागातली बिनविरोध निवडणूक ही अशी पिकते. विधवेच्या शेतात वर्षभराचं एकच पीक असतं.

“माजा ऊस हाय, मला दिसतोय,” हौसाबाई म्हणाल्या आणि शिवाजीला चहा आणायला पाठवलं.

सभेच्या दिवशी कुटुंबाने एक चूक केली. ती आपल्याकडच्या मोठ्या घरातलीच माणसं करू शकतात. बसमधून उतरलेल्या बायकांना दारातच वेगळं काढलं. सवाष्णी हळदीकुंकवाच्या मंडपात. तिथे कासार बसवले होते, हिरव्या बांगड्या भरणं चाललं होतं, वेळ लागणार होता. विधवांचं तिथे काय काम? त्यांना जगदाळ्यांच्या माणसांनी सरळ सभेच्या मंडपात आणलं आणि लवकर आल्या म्हणून सगळ्यात पुढे बसवलं. शिपाई आणि ड्रायव्हर त्यांच्या मागे गेले. आता विचार करा. बायकांच्या नावावर शेअर येतो कधी? बहुतेक वेळा नवरा गेल्यावर. ज्यांचं मत खरोखर त्यांचं स्वतःचं होतं, ज्यांच्या घरात त्यांच्या वतीने हात वर करणारा कुणी उरला नव्हता, नेमक्या त्याच बायका कुंकवाला चालत नाहीत म्हणून मंचासमोर बसल्या होत्या. सल्लागारांच्या पडद्यावर हे आलं नव्हतं.

पहिले विषय मंजूर झाले. भाड्याचा विषय आला, वाचणाऱ्याने श्वास घेतला आणि पहिल्या रांगेतून हौसाबाई उभ्या राहिल्या. पिशवीतून लाटणं काढून त्यांनी डोक्याच्या वर धरलं.

मागचे ड्रायव्हर ओरडायला तोंड उघडत होते. पण पुढच्या सगळ्या रांगा एकदम चूप झाल्या. कुणी ठरवलेलं नव्हतं. हाडात मुरलेली सवय होती. लाटणं वर गेलं की बोलायचं नाही. तेवढी शांतता पसरल्यावर एकट्यादुकट्याला ओरडवेना. हौसाबाईंना माईक लागलाच नाही.

“आमचं इचारणं एकच हाय. कारखाना भाड्यानं गेला, तर पुढल्या साली सभेत आमी काय इचारायचं, आन कुणाला?”

मंचावर मधल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी माईक घेतला. “मावशी, हा जरा टेक्निकल विषय आहे. आपण सगळे स्टेकहोल्डर आहोत...”

“टेक्निकल ते तुमी बगा, बाळासाब. मी इचारतीया ते साधं हाय.”

“म्हणजे... सभासदत्व राहणारच आहे...”

“ऱ्हाईल वो. पर कशाचं?”

धाकट्यांनी माईक खाली केला. मला वाटतं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच असा प्रश्न आला होता ज्याचं इंग्रजी होत नव्हतं. वाचणाऱ्याने घाईघाईने “मंजूर?” म्हटलं. मागून चारदोन आवाज आले. पुढून दुसरी एक म्हातारी करवादली, “आरं, आदी हात मोज की! सूचक कोन, अनुमोदक कोन? सभा हाय का बाजार?”

तोवर शेजारच्या मंडपातल्या बायका अचानक पडलेल्या शांततेमुळे काय झालं ते बघायला आल्या होत्या, ओल्या कुंकवाच्या, नव्या बांगड्यांच्या. कुणीतरी विचारलं, “विरोधात किती?” आधी पुढचे, बांगड्या नसलेले हात वर गेले. मग मागून समूहाच्या खर्चाने भरलेले हिरव्या बांगड्यांचे हात. मधल्यांनी विषय तहकूब केला, पाणी मागितलं, आणि जेवण लवकर वाढायला सांगितलं.

जगदाळे माझ्याकडे आले. “मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?”

“अहवालात फोटो आहेत साहेब. तुम्हीच छापलेत.”

आता हा लेख इथे संपवला तर संपादकांना फार आवडेल. पण मला क्रमाने सगळं सांगायची सवय आहे.

त्या हंगामात हौसाबाईंच्या शेतात टोळी आली नाही. मी जगदाळ्यांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, “क्रम वरून ठरतो.” मी थेट मधल्यांकडे गेले. त्यांनी मला चहा दिला, माझ्या निवृत्तीची चौकशी केली आणि उसाचा विषय निघाला तेव्हा खिडकीबाहेर बघितलं. त्या खिडकीतून त्यांनीच लावलेली बाग दिसते. विरोधी नेत्यांनी आंबेवस्तीला येऊन हौसाबाईंचा सत्कार केला, शाल दिली, क्रांतीवर भाषण केलं. त्यांच्या सूतगिरणीच्या सभेत असा प्रश्न विचारता येईल का, असं हौसाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना पुढच्या गावी जायला उशीर झाला होता.

उसाला तुरे आले. शेवटी वस्तीतल्या बायकांनी कोयते घेतले, शिवाजीने ट्रॅक्टर आणला आणि तो ऊस गुऱ्हाळाला गेला. कारखान्यात मिळालं असतं त्याच्या मानाने फार थोडं हाती आलं. हौसाबाईंनी त्यातली एक ढेप मला आणून दिली.

“जरा खारट लागतोय,” त्या म्हणाल्या. “उभं राहून राहून ऊस बी कंटाळला.”

पश्चात्ताप होतो का असं मी विचारलं नाही. म्हैस त्या उन्हाळ्यात विकावी लागली एवढं मला शिवाजीकडून कळलं.

आणि विषय तहकूब झाला होता, रद्द नव्हता. मी निवृत्त झाले. मग ती साथ आली, सभा ऑनलाइन घ्यायची मुभा मिळाली आणि धाकट्यांचं शिक्षण अखेर कामाला आलं. सभासदांना मोबाईलवर लिंक गेली. सगळ्यांचे आवाज बंद ठेवलेले. शिवाजीने हौसाबाईंना आपला मोबाईल धरून दिला आणि त्यांनी त्याच्यासमोर लाटणं धरलं. तो मला नंतर सांगत होता, “मी म्हनलं काकी, ते तिकडं दिसत न्हाई. तर म्हनती, दिसत नसंल तर नसू दे, मी धरलंय.” पडद्यावर विषय आला आणि गेला. कारखाना समूहाच्या कंपनीकडे गेला. वर्तमानपत्रात बातमी आली की ऐतिहासिक सुधारणा एकमताने मंजूर. वर्तमानपत्र कुणाचं ते मी वर सांगितलंच आहे.

तेव्हा इरा, तुझ्या विद्यापीठात त्या गृहस्थांनी जी आर्थिक लोकशाही दाखवली ती त्यांनी आधी आवाज बंद करून घेतलेली आहे. फोटोतली ती बाई पोळी लाटत नाही. ती सभा चालवते आहे. त्यांना कळव, किंवा नको कळवू. त्यांना माहीत आहे. प्राध्यापकांना मात्र कळव.

मिहिर आता विचारेल, मग उरलं काय? कारखाना उरला नाही. माझं पद रद्द झालं, तक्ता कुठे गेला ते ठाऊक नाही. आंबेवस्तीची उपसा पाण्याची संस्था आहे, लहान, कुणाच्याही समूहात नाही, कारण कुणाला ती घ्यावीशी वाटली नाही. पाण्याची पाळी कुणाची ते तिच्या सभेत ठरतं. गेल्या पंधरवड्यात मी जाऊन बसले होते. हौसाबाईंना आता नीट दिसत नाही, पण त्या येतात. लाटणं तेच आहे, एका टोकाला चिरलेलं, दोऱ्याने बांधलेलं. ते फिरतं, ज्याच्या हातात असतं तो बोलतो, पुरुषसुद्धा, आणि हात मोजून झाल्याशिवाय तिथे कुणी मंजूर म्हणत नाही.